चूक मार खाणाऱ्याची

मास्तरांची काठी गेंड्याच्या कानावर बसली आणि ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. गेंडा, म्हणजे तुकडीतला सगळ्यात जाड कातडीचा माणूस, आधी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. पडतानाही त्याने सवयीने तोंड कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलं होतं. कानाची वरची कड फाटून लोंबत होती आणि रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं.

"कट," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी उभी टेकवली आणि डावा डोळा मनगटाने चोळला. "काय झालं?"

गेंडा उठून बसला. एका हाताने त्याने कान जागेवर दाबून धरला. "माझी चूक, मास्तर."

"जागा सोडलीस."

"सोडली असेल."

"असेल नाही, सोडलीसच. कान शिवून ये, मग वीस काढ."

गेंड्याने मान हलवली. दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं. गोदामाच्या फरशीवर दारापर्यंत थेंबांची रांग लागली, ती कुणीतरी पायानेच पुसली. मारामारीच्या सिनेमाचं गोदाम ते, तिथे रक्ताचं कुणाला अप्रूप नव्हतं. खोटं रक्त बादलीत होतं, खरं फरशीवर पडे, आणि दोन्हींना एकच फडकं.

मास्तरांच्या तुकडीचा नियम साधा होता. काठी अंगापासून चार बोटांवर थांबते, खाणारा झटका देतो आणि मधली फट कॅमेरा लपवतो. मारणाऱ्याने माप चुकवायचं नाही, खाणाऱ्याने फरशीवर चिकटवलेल्या पट्टीवरून पाय हलवायचा नाही. प्रत्येक मारामारीतला पहिला फटका मास्तर स्वतः मारून दाखवत. तो छोट्या कॅमेऱ्यावर टिपला जाई, जमला तर तोच सिनेमात राही, आणि मग बाकीचे त्याची नक्कल करत. मास्तरांचं माप कधी चुकतच नसे. एके काळी ते समोरच्याच्या नाकावर बसलेली माशी काठीने उठवत आणि नाकाला वारासुद्धा लागू देत नसत. त्यामुळे लागलंच, तर चूक मार खाणाऱ्याची. त्याने सगळ्यांसमोर 'माझी चूक' म्हणायचं आणि वीस उठाबशा काढायच्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मास्तरांच्या सेटवर अंगणालाच उठाबशा काढाव्या लागत.

हा मान त्यांना कुणी खिरापतीसारखा वाटला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी ते या धंद्यात आले ते पडायला. छपरांवरून, घोड्यांवरून, चालत्या ट्रकवरून पडले. खांद्याचं हाड दोनदा मोडलं, एक मूत्रपिंड गेलं. मग ते दुसऱ्यांच्या मारामाऱ्या बसवू लागले आणि शेवटी वैतागून स्वतःच सिनेमे करू लागले, कारण दिग्दर्शक मंडळी नेमकी हाड मोडतानाच कॅमेरा वळवायची. चौदा सिनेमे झाले. पहिल्या अकरांना लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या तिन्हींना मात्र लोक श्वास धरून बसू लागले. 'मार अंगावर येतो' असं छापून आलं. जिन्यावरच्या मारामारीत एकाचं तोंड कठड्यावर आपटतं, तेव्हा थिएटरात बायकापुरुष तोंडावर हात ठेवत. या वयात माणूस उतरतो, मास्तर चढत होते. या पंधराव्या सिनेमाच्या पोस्टरवर निर्मात्या बाईंनी मास्तरांच्या नावाच्या वर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द घातले होते: खरा मार.

"गेंड्याचं वय झालं," मास्तर कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "चला, पोरांना दाखवतो जागा कशी सुटते ते."

ते कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खोलीत गेले. तिथे टिपलेलं दाखवणारा मशीनवाला पडद्यासमोर चहा पीत बसला होता. मास्तरांना पाहून तो उठला.

"आत्ताचा लाव. हळू."

पडद्यावर गेंडा उभा राहिला. पायाखाली पांढरी पट्टी, दोन्ही अंगठे पट्टीच्या कडेला टेकलेले. काठी फिरली, वर गेली, खाली आली. अंगठे होते तिथेच होते.

"पुन्हा."

मशीनवाल्याने पुन्हा लावलं. काठी चार बोटांवर थांबायला हवी होती. ती थांबलीच नाही, वीतभर पुढे आली आणि कान घेऊन गेली. आणि ती यायच्या आधीच गेंड्याने डोळे मिटून जबडा आवळला होता. त्याला माहीत होतं.

मास्तर पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक काचेला लागलं.

"जिन्यावरचं आहे का यात? मागच्या सिनेमातलं?"

मशीनवाला घुटमळला. "आहे. पण जुनं आहे, मास्तर. चहा सांगू का तुम्हाला?"

"लाव."

जिना आला. तुकडीतला चिमटा तिसऱ्या पायरीवर, पाय पट्टीवर. मास्तरांचा तळहात त्याच्या डोक्यामागे आला आणि तोंड कठड्यावर आदळलं. दोन दात पायऱ्यांवरून टणटणत खाली गेले. 'माझी चूक,' चिमटा रक्ताच्या तोंडाने म्हणाला, आणि पडद्यावरचे मास्तर डोळा चोळत म्हणाले, 'जागा सोडलीस.' त्याआधीच्या सिनेमात दोरी होता. दोरी म्हणजे तुकडीतला सगळ्यात सडपातळ माणूस. साखळी त्याच्या बरगडीत रुतली, तो दुमडला आणि खालूनच म्हणाला, 'माझी चूक.' पाय पट्टीवर. त्याच्या मागोमाग मास्तरांची लेक आली. मनगट विचित्र कोनात वाकलेलं, चेहरा पांढराफटक. तीही तेच म्हणाली. तिचे पाय पट्टीवर असे होते, जणू खिळ्यांनी ठोकले होते.

मास्तरांनी उजवा डोळा हाताने झाकला. पडद्यावर दूध सांडल्यासारखं झालं. गेली चार वर्षं ते त्याला कचरा गेलाय म्हणत होते. कचरा चार वर्षं राहत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यांना कळू द्यायचं नव्हतं. आता कळलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मशीनवाल्याकडे वळून बघवेना. लोकांनी श्वास धरला होता तो ह्याला. अंगावर आला होता तो ह्या पोरांच्या हाडांचा आवाज.

दारावर टकटक झाली. लेक होती. ती नायिकेच्या बदली पडायची, तेव्हा अंगात नायिकेचे कपडे होते आणि डोक्यावर नायिकेच्या केसांचा टोप. तुकडीची म्होरकीही तीच, त्यामुळे सेटवर ती त्यांना मास्तरच म्हणे.

"गेंड्याला नऊ टाके पडले. बरा आहे. पुढच्या फटक्याला त्याच्या जागी मी उभी राहते."

"पुढचा गळ्यावरचा आहे."

"माहितीये."

"फळीवर. दहा फूट उंच."

"मास्तर, तो फटका मीच बसवलाय तुमच्याबरोबर."

मास्तर तिच्या गालाकडे बघत राहिले. दातांवर घालायचं रबर तिने आधीच तोंडात घालून ठेवलं होतं. दाखवायच्या फटक्याला कुणी ते घालत नाही.

"गेंड्याने जागा सोडली होती का?"

ती मनगटावरची पट्टी सारखी करू लागली. "तुम्हीच म्हणालात ना, सोडली."

"मी तुला विचारतोय."

"सगळे थांबलेत," ती म्हणाली आणि दार उघडं ठेवून निघून गेली.

बाहेर लोखंडी नळ्या बांधून केलेल्या मचाणाखाली चाळीसेक माणसं जमली होती. गाद्या अंथरल्या होत्या. निर्मात्या बाई मॉनिटरसमोर बसल्या होत्या. मास्तर शिडी चढून फळीवर आले. कुणीतरी त्यांच्या हातात काठी दिली आणि त्यांच्या हातांनी ती नेहमीसारखी तोलली. हातांना काही झालं नव्हतं. हात अजूनही माणूस मारू शकत होते.

लेक पट्टीवर उभी राहिली आणि तिने हनुवटी वर केली. गळ्यावरच्या फटक्याला हनुवटी वरच लागते, नाहीतर कॅमेऱ्याला गळा दिसत नाही. कंठमण्याशेजारी एक शीर उडत होती. मास्तरांनी पवित्रा घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर लेकीला एक धुरकट सावली चिकटलेली दिसे. डावा मिटला तर ती कागदावर छापल्यासारखी सपाट होई, हातभर लांब की दोन हात, काही कळेना. त्यांनी डावा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग लक्षात आलं की तिने वजन मागच्या टाचेवर टाकलं आहे. काठी हलायच्या आधीच पडायला सुरुवात करायची तिने ठरवली होती. पट्टीवरून पाय न हलवता जेवढं वाचता येईल तेवढं वाचायचं. म्हणजे सगळ्यांनी मिळून ही पण एक विद्या शिकून घेतली होती.

ही सहा वर्षांची असताना मास्तरांनी तिला घरातल्या गादीवर मागे पडायला शिकवलं होतं. घाबरायचं नाही, बाबा आहे ना, असं म्हणायचे. आता या पोरीला त्यांच्या फटक्याची भीती वाटत होती आणि तरी ती गळा पुढे करून उभी होती.

त्यांनी काठी खाली केली.

"माझी चूक," मास्तर म्हणाले.

खालून एक दिवेवाला हसला. "अजून मारलंच कुठंय, मास्तर?"

"गेंड्याच्या कानाची. चिमट्याच्या दातांची. दोरीच्या बरगडीची." ते थांबले. "हिच्या मनगटाची. कुणी जागा सोडली नव्हती. माप माझं गेलंय. एका डोळ्याने दिसत नाही मला."

चिमटा आपल्या बुटांकडे बघू लागला. मास्तरांनी काठी फळीवर आडवी ठेवली, दोन्ही कान धरले आणि ते बैठकीत गेले. सहाव्यांदा उठताना गुडघा कडकन वाजला, तो खालपर्यंत ऐकू गेला. लेकीने तोंडातलं रबर काढून हातात घेतलं होतं. तुकडीची म्होरकी म्हणून मोजायचं काम तिचंच होतं, आणि ती मोजत होती.

"नऊ. दहा. अकरा. वीस."

"वीस झाल्या नाहीत," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"मी मोजतेय ना. वीस."

त्यांना शिडीवरून दोघांनी उतरवलं. गळ्यावरचा फटका मास्तरांच्या जागी उभं राहून दोरीने मारला. काठी नेमकी थांबली, लेकीने झटका दिला, ती दहा फूट खाली गाद्यांवर पाठीवर आपटली आणि कपडे झटकत उठली. कुठे खरचटलंही नव्हतं. दोरीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं, ते त्याला आवरेना.

बाईंनी मॉनिटरवर तो फटका दोनदा पाहिला. मग त्या मास्तरांच्या जवळ आल्या आणि आवाज खाली करून बोलल्या.

"मास्तर, डोळ्याचं ऐकून वाईट वाटलं. खरंच. पण हे चालायचं नाही हो. फटका खोटा वाटतोय. लोक तुमच्या नावावर काय बघायला येतात, तुम्हाला ठाऊक आहे."

मास्तर काही बोलायच्या आत मागे मांडी घालून बसलेलं कुणीतरी उठलं. गेंडा होता. डोक्याभोवती पांढरं बँडेज, त्यावर कानाजवळ लाल डाग.

"मी उभा राहतो, बाई. मास्तरांनाच मारू दे. मला सवय आहे."

तो हे मनापासून म्हणत होता. चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. मास्तरांना वाटलं, चार वर्षांत या माणसाने एकदा जरी आपल्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तू खाली बस," ते गेंड्याला म्हणाले. मग बाईंकडे वळले. "बाई, तो खोटाच आहे."

"अहो, पण दिसायला—"

"दिसायला खरा करायचा हेच तर माझं काम. चार वर्षं मी ते केलेलं नाही."

मास्तर कॅमेऱ्याजवळ गेले. सवयीने वाकले, डोळा भिंगाला लावणार तोच सरळ झाले आणि त्यांनी लेकीला हाक मारली. ती केसांचा टोप काखेत धरून आली.

"दोरीला आणि चिमट्याला वर उभं कर. काठी गळ्यापाशी धरायला सांग. आता बघ, काठी आणि गळ्याच्या मधली फट दिसते का?"

तिने वाकून पाहिलं. "दिसते."

"मग दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा सरकवत राहा, आणि मला सांगत राहा."

ती कॅमेरा बोटाबोटाने डावीकडे नेऊ लागली. दिसते, म्हणाली. अजून दिसते. मास्तर तिच्या खांद्यावर हात ठेवून, तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकत ऐकत होते.