दोन वाजताची ऊब

युरुननं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर बोट टेकवलं. बोट ओलं झालं. विमानतळापुढच्या ओळीतल्या बाकी गाड्यांवर पांढरा थर जसाच्या तसा होता; उणे अठरात तो हलणार तरी कसा. आणि या एका निळ्या गाडीच्या काचेवर, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला, ताटाएवढा गोल वितळून स्वच्छ झाला होता. तिच्या देखत तो वाढत वाढत परातीएवढा झाला. गाडीत कोणी नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. काल याच वेळी हेच झालं होतं, परवाही हेच.

विजेवर चालणारी ही गाडी हालवार आणि आल्फहिल्ड या म्हाताऱ्या नवरा-बायकोची. त्यांचं गाव किनाऱ्याकिनाऱ्यानं दीड तास लांब. बारा दिवसांपूर्वी हालवार तिला व्हीलचेअरवरून विमानापर्यंत घेऊन गेला होता, ट्रॉम्सोच्या मोठ्या इस्पितळात न्यायला. जाताना त्यानं गाडीची चावी युरुनच्या हातात ठेवली.

“चार दिवसांत येतो. प्लग तेवढा राहू दे. गारठलेल्या गाडीत मी हिला बसवणार नाही.”

“काय पण लाड,” मांडीवरची लाल पट्ट्याची बॅग सावरत आल्फहिल्ड घोंगडीतून म्हणाली. “लग्न करून आणली ती मासे भरलेल्या बोटीतून. तेव्हा बरी नाही वाजली मला थंडी.”

चाव्या सगळेच ठेवून जात. विमानतळ तो केवढासा, दिवसाला चार विमानं. बॅगा चढवणं, प्रवाशांची तपासणी, बर्फ काढणं, सगळं युरुन आणि आणखी तिघं मिळून करत. जास्त दिवस ठेवायच्या गाड्यांसाठी चार्जिंगचे सहा प्लग आणि थंडीत गाड्या वीस-बावीस, म्हणून नियम असा की एका गाडीची बॅटरी भरली की युरुननं प्लग काढून यादीतल्या पुढच्या गाडीला लावायचा. नियम तिनंच केला होता, पाटीही तिनंच लिहिली होती. अठरा वर्षांत तिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. फार पूर्वी खुद्द धर्मगुरूंच्या गाडीचा प्लग काढून तिनं एका नर्सच्या गाडीला लावला होता, आणि ते आल्यावर त्यांना पाटी वाचायला लावली होती.

पहिल्या दिवशी काच वितळलेली पाहून तिला वाटलं, दोन चाळीसच्या विमानानं येताहेत दोघं. ती दारात उभी राहिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चावीनं दार उघडून आत हात घातला. ड्रायव्हरची सीट गार दगड होती आणि शेजारची, आल्फहिल्डची, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी गरम. मग तिच्या लक्षात आलं. तिकडे ट्रॉम्सोत बसून कोणीतरी फोनवरून गाडीची तेवढीच बाजू तापवतंय. रोज, विमानाच्या वेळेला, आज नाही तर उद्या निघूच म्हणून. प्लग काढला तर तीन-चार दिवसांत बॅटरी उतरेल, आणि मग त्यांनी कितीही बटण दाबलं तरी इथे काही तापणार नाही.

त्या दिवशी तिनं निळ्या गाडीचा प्लग काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाटीसमोरून जाताना तिला स्वतःची लाज वाटायची, पण हात धजावत नव्हता.

शुक्रवारी ब्रिन्युल्फ आला. सॅमन माशांच्या तळ्यांवर कामाला होता तो, आठवडा तिकडे, आठवडा घरी.

“युरुन, माझी गाडी मेलीय. यादीत तिसरा होतो मी.”

“राहून गेलं.”

“तुझं? राहून गेलं?” त्यानं निळ्या गाडीकडे मान वळवली. “ही तर काठोकाठ भरलेली दिसतेय. हिच्यात काय राजा बसलाय?”

“कोणी नाही बसलेलं,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या गाडीतून त्याला घरी सोडून आली.

ही गोष्ट टेर्येच्या कानावर जायला वेळ लागला नाही. टेर्ये विमानतळाचा प्रमुख, सरळ माणूस. त्यानं तिला कॉफी ओतून दिली आणि मगच बोलला.

“उद्यापासून प्लग पुढच्या गाडीला.”

“ती रोज तापते, टेर्ये.”

“कोणी आत नसताना?”

“हो.”

“मग रिकामी सीट तापवण्यासाठी मी दुसऱ्याची गाडी बंद पाडू? तू सांग. तूच पाटी लिहिलीस.”

त्याचं काही चुकत नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी गाडी ओळीत नव्हती. ती अग्निशमन बंबाच्या गॅरेजला लागून उभी होती, युरुनच्या स्वतःच्या जागेवर, कामगारांना दिलेल्या प्लगवर. युरुनची गाडी घरी राहिली. ती आली ढकलत न्यायच्या घसरगाडीवरून. एक पाय पट्टीवर, एक पाय बर्फावर, अडीच किलोमीटर. भुवयांवर बर्फ जमला होता.

“गाडी विकलीस?” टेर्येनं विचारलं.

“वजन कमी करतेय.”

त्यानं गॅरेजकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“चर्चपुढच्या उतारावर सांभाळून ये,” तो म्हणाला. “तिथे पाय ठरत नाही.”

पुढे दहा-बारा दिवस असेच गेले. हिवाळाभर न उगवलेला सूर्य परत आला होता. दुपारी घटकाभर डोंगरामागून तांबूस उजेड यायचा. दोन वाजले की युरुन हातातलं काम टाकून गॅरेजशी जायची, गोल वितळताना बघायची आणि परत कामाला लागायची. कुणाला सांगितलं नसतं तिनं, पण दिवसातली तेवढी दहा मिनिटं तिची सगळ्यांत चांगली जात होती.

मग एका रविवारी काच वितळली नाही.

फोनची बॅटरी संपली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोमवारी सांगितलं, रेंज नसेल. त्यानंतर तिनं स्वतःला काही सांगायचं सोडून दिलं. हालवारचा नंबर चावीच्या चिठ्ठीवर होता. दोनदा तिनं फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. विचारायचं तरी काय. ती फक्त रोज दोन वाजता जाऊन त्या काचेवरचा बर्फ कुंच्यानं झाडायची. प्लग तिनं तसाच ठेवला, आणि टेर्येही काही बोलला नाही.

नवव्या दिवशी, दोनला पाच कमी असताना, काचेवर गोल उमटला. शेजारच्या सीटपुढे, नेहमीच्या जागी. युरुननं अख्खा तळवा त्यावर ठेवला.

“आली ग बाई,” ती आपल्याशीच म्हणाली.

ती जवळजवळ धावतच आत गेली. कोपऱ्यातली व्हीलचेअर काढली, चाकं फिरवून पाहिली, घोंगडी हीटरवर टाकून कडकडीत गरम केली. दोन चाळीसला विमान उतरलं तेव्हा ती शिडीच्या पायथ्याशी व्हीलचेअर घेऊन उभी होती. सात जण उतरले. सगळ्यांत शेवटी हालवार उतरला. त्याच्या हातांत दोन बॅगा होत्या, एक त्याची आणि एक लाल पट्ट्याची.

युरुन त्याच्या मागे दाराकडे बघत राहिली. दारात हवाई सेविका आली, बाहेर डोकावली आणि आत गेली.

हालवार व्हीलचेअरपुढे थांबला. घोंगडीतून अजून वाफ निघत होती. युरुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला वाटलं...” ती म्हणाली. “काच वितळली होती. तिच्या बाजूची.”

“गेल्या सोमवारी पहाटे गेली ती,” हालवार म्हणाला. “झोपेतच.”

मग त्यानं लाल पट्ट्याची बॅग उचलून व्हीलचेअरमध्ये ठेवली आणि घोंगडीचं टोक तिच्यावर ओढलं.

“चल,” तो म्हणाला. “वारं लागतंय.”

गॅरेजपाशी येऊन त्यानं आपली गाडी पाहिली, वर लावलेली कामगारांच्या जागेची पाटी पाहिली, भिंतीला टेकवलेली घसरगाडी पाहिली.

“ही कुणाची?”

“माझी.”

“किती दिवस?”

“झाले थोडे.”

त्यानं मान हलवली. बोलायला लागला तो काचेकडे बघत.

“दुपारी डॉक्टर येऊन गेले, की ती फोन मागायची. सीट तापायला लावून ठेवते म्हणायची, उद्या निघायचंय. मी रोज ओरडायचो, अगं, उगाच बॅटरी उतरेल, गाडी बंद पडली तर घरी कसं जायचं? तर म्हणायची, पडत नाही बंद. युरुन आहे तिथे.”

युरुननं खाली वाकून प्लग काढला. केबल गुंडाळायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

“शेवटी तिच्या बोटांत जोर नव्हता,” हालवार म्हणाला. “आणि मला एकट्याला ते बटण दाबवेना. आज विमानात चढताना हात गेला. तिच्याच सीटच्या बटणावर गेला. माझी लावायची राहिलीच.”

त्यानं शेजारच्या बाजूचं दार उघडलं, जसं तो आयुष्यभर आधी तेच उघडत आला असणार, आणि सीटवर हात ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला.

“किती वाजता सुटतेस?”

“तीनला, झालेच. पण मी जाईन, घसरगाडी आहे.”

“ती मागे टाकू. बस.”

“हालवार, नको. तुम्ही—”

“बस ग. तापलेली आहे. वाया कशाला घालवायची.”

ती बसली. ऊब जाड कोटातून पाठीत शिरली, खांद्यांपर्यंत चढली. बाहेर हालवारनं डिकीतून खरवडणी काढली आणि तो आपल्या बाजूची काच खरवडू लागला, सावकाश, वरून खाली. त्याच्या काचेवर अजून जाड बर्फ होता, त्यामुळे ती रडते आहे हे त्याला दिसत नव्हतं. लाल पट्ट्याची बॅग तिनं दारापाशीच्या व्हीलचेअरमधून उचलून मांडीवर घेतली आणि दोघींभोवती सीटचा पट्टा लावला.