सहा आठवडे तोंड दाखवू नका

दातांचे डॉक्टर आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला माझ्या सरावाच्या मैदानावर उभे असायचे. मी गोल्फ शिकवतो. सगळ्यांना एकच सांगतो: एक धडा घ्या, दोन-तीन आठवडे एकट्यानं घोटा, मग या. पेरलेलं रोज उकरून कोंब आलाय का बघू नये. पण या माणसाला धीर म्हणून नव्हता. फटका मारला की चेंडू कुठं गेला हेही न बघता मान माझ्याकडे. "काय चुकलं?"

चुकत होतं, हे खरं. वर्षापूर्वी सरळ जाणारा चेंडू आता उजवीकडे वाहवत जायचा. डावा हात ऐन वेळी सैल पडायचा. मी कधी पकड बदलली, कधी पाय फाकवायला लावले, कधी खांदा वळवला. डॉक्टर सगळं वहीत उतरवून घ्यायचे. दुपारी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात व्हिडिओ पाठवायचे. अंगात पांढरा कोट, हातात गोल्फच्या काठीऐवजी छत्री.

"मास्तर, याच हातात मी आरसा धरतो, पेशंटच्या तोंडात," ते म्हणायचे. "तिथंही तो जड पडायला लागलाय. चुकीच्या पकडीनं आखडलाय, दुसरं काही नाही. तुम्ही इथं घोडं कुठं पेंड खातंय ते शोधा, तिकडचं आपोआप सुटेल."

मलाही ते पटलं. आपल्या धंद्यातला दोष आपल्याला पटकन पटतो.

शेवटी एका सकाळी, पंचवीस चेंडूंत पंचवीस वेळा 'काय चुकलं' ऐकून माझं डोकं सटकलं. "डॉक्टर, तुम्ही पेशंटला सहा महिन्यांनी या म्हणता ना? रोज जबडा उघडून बघता का? अति तिथं माती. सहा आठवडे मला तोंड दाखवू नका. व्हिडिओ नाही, फोन नाही."

"तीन करा ना."

"सहा. अजून घासाघीस केलीत तर आठ."

गंमत म्हणजे, चैन मलाच पडेना. दुपार झाली की हात फोनकडे जायचा. छत्रीवाला व्हिडिओ नसायचा. बायको म्हणाली, "माझ्या फोनची कधी इतकी वाट पाहिली नाहीत!" मी तिच्यावरही खेकसलो. माणसाला हाकलून लावलं, आता जीव कशाला टांगणीला लागतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

डॉक्टर मोजून बेचाळिसाव्या दिवशी आले. गाडी लावली, उजव्या खांद्यावर पिशवी अडकवली आणि माझ्याकडे चालत निघाले. तीसेक पावलं असतील. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. डावा हात मोकळा होता, तरी हलत नव्हता. पावलं पडत होती आणि तो नुसता लटकत होता. रोज बघत होतो तेव्हा हे मला कधीच दिसलं नव्हतं.

त्यांनी दहा चेंडू मारले. एकट्यानं केलेल्या सरावाचा गुण आला होता. पाय, कंबर, खांदा, सगळं जागच्या जागी. फक्त तो हात मागं राहत होता. त्यांनी वही उघडली. "काय चुकलं?"

मी फोनमधला त्यांचा गेल्या वर्षीचा पहिला व्हिडिओ काढला. फटका नाही दाखवला, त्याआधीचं चेंडूकडे चालत येणं दाखवलं. दोन्ही हात मस्त मागंपुढं होत होते.

"तुमच्या स्विंगमध्ये काही चुकत नाहीये," मी म्हणालो. "हे माझ्या आवाक्यातलं नाही. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आजच."

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मिटली.

"मला माहीत आहे, मास्तर. आरसा दातावर टकटक वाजायला लागला, तेव्हापासून माहीत आहे."

"मग इथं कशाला येत होतात चार-चार दिवस?"

"इथं ती पकडीची चूक असायची. नाहीतर खांद्याची. रोज वेगळी, आणि प्रत्येकीवर तुमच्याकडे इलाज होता. घरी जाऊन हिलाही तेच सांगायचो."

मला माझीच लाज वाटली. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात, तसं झालं होतं, आणि ते औषध मी वर्षभर मन लावून चोळत होतो.

त्यांनी फोन बाकावर ठेवून स्पीकरवर लावला. त्यांच्या दवाखान्याचं टेबल वहिनीच सांभाळतात.

"अगं, दहा वाजताच्या मुलीची दाढ आज नाही काढायची."

"अहो, तिला किती दिवस ठणकतेय! उद्याची वेळ देऊ का?"

"नको. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठव तिला."

"बरं. मग साडेदहाचे?"

"त्यांनाही."

"आणि दुपारचे?"

"सगळ्यांनाच," डॉक्टर म्हणाले. "उद्याचेही. परवाचेही."

पलीकडे वेळांची वही मिटल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "गाडी चालवू नका. तिथंच थांबा, मी येतेय."