पालवीबाबांचा पातीचा कांदा

पालवीबाबांनी काचेचा पेला उंच धरला आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पेल्यात पातीच्या कांद्याचा बुडखा होता. गेल्या आठवड्यात बाबांनी तो सगळ्यांसमोर कापून ‘मारला’ होता. आज त्यातून वीतभर हिरवीगार पात वर आली होती.

“मेलेलं जिवंत झालं,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “यात माझं काही नाही. मी फक्त फुंकर घालतो.” एवढा विनय, आणि बसायची खुर्ची बघावी तर सिंहासन.

मागच्या रांगेतल्या परिचारिकेचं डोकं सणकलं. शेजारी तिचा धाकटा भाऊ हात जोडून बसला होता. टॅक्सी चालवायचा तो. मधुमेहानं त्याच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती. बोट ताबडतोब काढलं नाही तर पाऊल जाईल, असं सर्जननं बजावलं होतं. आणि हा शहाणा पायावर फुंकर मारून घेत होता.

“ताई, कापलेला कांदा फुटतो,” तो म्हणाला. “माझं बोट तर अजून जागेवर आहे.”

“तुझी अक्कल तेवढी जागेवर नाही.”

भावजय रडवेली झाली. “वन्सं, असं बोलू नका. श्रद्धा कमी पडली की गुण येत नाही म्हणतात.”

“म्हणजे गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष तुमचा. झकास सोय आहे.”

बाबांकडे एक नियम होता. बुडखा बाबांच्या पेल्यात ठेवायचा आणि वरची पात त्याच दिवशी प्रसाद म्हणून शिजवून संपवायची. शिकलेसवरलेले लोक मुकाट्यानं पात खात होते. ती उरू का द्यायची नाही, हे विचारायची एकालाही बुद्धी झाली नाही.

परिचारिकेनं त्याच संध्याकाळी भावाच्या स्वयंपाकघरात पातीची जुडी कापली. बुडखे नळाच्या पाण्यात ठेवले. पाती दुसऱ्या पेल्यात ठेवून त्यावर भावजयीनं जपून ठेवलेलं बाबांचं तीर्थ ओतलं. दोन-तीन दिवसांत बुडखे तरारले आणि तीर्थातल्या पातींचा बुळबुळीत लगदा झाला. दोन्ही पेले घेऊन ती भाऊ-भावजयीसकट सभागृहात गेली.

“बाबा, या लगद्यावर फुंकर घाला.”

बाबा खाकरले. “पातीत प्राण नसतो, बाई.”

“नवी पात फुटायची जागा बुडख्यात असते. तेवढी तुम्ही बरोबर राखून कापता. कांदा मेलाच नव्हता, नुसता कापलेला होता.” ती भावाकडे वळली. “तुझं बोट मात्र मेलंय. त्याला कोंब फुटणार नाही.”

भाऊ घाम पुसत उठला. बाबांनी कीर्तन सुरू केलं.

रुग्णालयात एका बोटाऐवजी दोन काढावी लागली. पाऊल वाचलं.

“लगेच आलो असतो तर एकच गेलं असतं?” त्यानं खाटेवरून विचारलं.

“हो,” ती म्हणाली. खोटा धीर द्यायला बाबा होतेच की.

कांद्याचे बुडखे खुशाल पाण्यात ठेवा, ताजी पात खा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो आधी त्याच्याशिवाय घरी करून बघा. आणि तोवर डॉक्टरला ताटकळत ठेवू नका.