वल्ह्याचा एक ठोका

मी एक जुनी होडी आहे. डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या खाडीकाठी खारफुटीच्या बुंध्याला बांधलेली मी तुम्हाला दिसेन. माझ्या उजव्या काठावर सध्या गोणपाट गुंडाळलेले आहे. ते का, हे तुम्हाला सांगायचे आहे, मित्रांनो.

गोमाजी कोळ्याने मला बांधून घेतले. लाकूड सागाचे, तळाला डांबर. त्याची मासेमारीची रीत जुनी होती. जाळे अर्धगोलात सोडायचे आणि मग वल्हे माझ्या काठावर आपटायचे. ठोका पाण्यात उतरतो, मासे बावरतात आणि पळता पळता जाळ्यात शिरतात. माझा आवाज खणखणीत होता. "गोमाजीची होडी बोलते," असे इतर कोळी म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

गोमाजी गेला आणि मी त्याच्या मुलाकडे, गोपीनाथकडे आले. तोवर खाडीचे पाणी काळवंडले होते. मासळी कमी झाली. मी महिनोन् महिने चिखलात उपडी पडून असे. मग हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक येऊ लागले. गोपीनाथने मला निळा रंग दिला, फळीवर सतरंजी अंथरली, आणि मी पुन्हा पाण्यात उतरले. एरवी जमेल तशी मासेमारीही चाले.

या जानेवारीत खाडीत पट्टकदंब हंसांची जोडी आली. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. आमच्याकडे ते मी कधी पाहिले नव्हते. ठाकुर्लीची प्रियांका आणि तिचा मित्र दिपेश रविवारी सकाळीच आले.

भरती होती. सगळा चिखल पाण्याखाली गेला होता. उरलेल्या एका उंचवट्यावर दोन्ही हंस चोच पिसांत खुपसून बसले होते. प्रियांकाने कॅमेऱ्यातून बराच वेळ पाहिले.

"एकाचा पंख खाली आलाय रे. दमलाय बिचारा."

"बसलेले फोटो सगळ्यांकडे आहेत," दिपेश म्हणाला. "उडताना पाहिजे यार."

ती थोडी थांबली. मग गोपीनाथकडे वळली. "काका, उडवता येतील का? एकदाच."

गोपीनाथ हसला. "पक्षी काय नि मासली काय, ताई. बापाची होडी बोलली की सगली पलतात."

त्याने वल्हे उचलले आणि माझ्या काठावर आपटले.

हंस उठले. कॅमेरे खटाखट चालले. "मिळाला! दोघं एका फ्रेममध्ये!" दिपेश ओरडला. पहिला हंस वर गेला. दुसऱ्याला उंची गाठता येईना. खाडीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. तो तारेवर आदळला आणि पलीकडच्या खारफुटीत पडला.

गोपीनाथने जोर लावून मला तिकडे नेले. प्रियांकाने कॅमेरा फळीवर टाकला आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली. ओहोटी लागेपर्यंत ती आणि गोपीनाथ मुळांमधून शोधत राहिले. पक्षी सापडला नाही. वर दुसरा हंस ओरडत घिरट्या घालत होता.

"तारा तर आधीपासूनच होत्या ना," परतताना दिपेश हळूच म्हणाला.

पुढच्या रविवारी प्रियांका एकटीच आली, कॅमेऱ्याशिवाय. गोपीनाथने मला लांबच थांबवले. उंचवट्यावर एक हंस बसला होता.

"तो वाट बघतोय का हो, काका?"

गोपीनाथने वल्हे पाण्यात तसेच धरून ठेवले.

त्या संध्याकाळी त्याने माझ्या काठावर गोणपाट बांधले. त्याची बायको कांता बाजारात मासळी विकते. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, आता मासली कशी भिवंल? गानी म्हनून दावाल का तिला?"

"कमी येल. येऊ दे."

"आनि मी पाटीत काय भरू?"

त्याने मान वर केली नाही. गाठ मारत राहिला. कांता बडबडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी एक गाठ सुटली होती, ती तिनेच पुन्हा आवळली.

मित्रांनो, वल्हे गोपीनाथचे होते, मागणी प्रियांकाची होती, पण आवाज माझ्या लाकडाचा होता. ज्या आवाजाचे मला कौतुक होते, तो आता नको वाटतो. गोणपाट भिजले की जड होते. तरी ते काढा, असे मी म्हणणार नाही. तुम्ही कधी खाडीवर आलात, तर बसलेल्या पक्ष्याला बसू द्या. तो फार लांबून आलेला असतो. कधी उठायचे, ते त्याचे त्याला ठरवू द्या.

थंडी सरली तेव्हा एका सकाळी तो हंस आपणहून उडाला. मी बुंध्याला बांधलेली होते. खाडीकाठी कोणी नव्हते. तो तारांच्या बराच वरून उत्तरेकडे गेला. त्याचा फोटो कोणाकडेही नाही.