छोटा दांडा

पिकअपचा हँडब्रेक गेला तेव्हा ज्योतिबाने तो दुरुस्त केला नाही, बायकोला शेजारी बसवलं. चढावर गाडी थांबली की रत्नाने उडी मारायची, सीटखालचा बाभळीचा ठोकळा काढायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. निघताना तो ओढून घेऊन धावत परत चढायचं. मंचरहून कांदे, बटाटे, किराणा भरायचा, तळेघरच्या वाड्यांवर विकायचा आणि तिकडून तांदूळ-नाचणी घेऊन उतरायचं, हा त्यांचा धंदा. वरच्या त्या रस्त्यांवर सपाट जागा शोधायची म्हणजे गाडी डोक्यावर घेऊन हिंडावं लागलं असतं.

"ह्या आमच्या क्लीनर," अशी तो बायकोची ओळख करून द्यायचा.

"बिनपगारी," रत्ना पुरवणी जोडायची.

मग तिचा गुडघा गेला. उडी मारली की आत काहीतरी करकरायचं आणि ती दोन क्षण दाराला धरून उभी राहायची. ज्योतिबा बघायचा, बोलायचा नाही. त्याच्या बापाने जन्म मेंढरांमागे काढला होता. एखादी लंगडायला लागली की म्हातारा गुपचूप तिला खांद्यावर घ्यायचा, त्याची चर्चा करायचा नाही. तेच पोरात उतरलं होतं. एक दिवस त्याने काही न सांगता गाडी वारूळवाडीला गेणभाऊंच्या गॅरेजात नेली.

गेणभाऊंनी मूळ गिअरबॉक्सच्या मागे जुन्या जीपचा एक छोटा गिअरबॉक्स बसवला. त्यासाठी शाफ्ट कापला, खाली आडवी पट्टी वेल्ड केली. मोठ्या दांड्याशेजारी आता एक छोटा दांडा आला, लाल बोंडाचा.

"पुढं रेटला की घाटाचा गिअर, गाडी भिंत चढंल," गेणभाऊ सांगत होते. "मागं वढला की हायवेचा, डिझेल कमी पिईल. पण मधी ऱ्हायला तर गाडी मोकळी. मग मोठा गिअर कुटं बी असू दे, चाकाला कायबी पोचत न्हाई. ध्यानात ठेवा, राव."

रत्ना बशीतला चहा फुंकत ऐकत होती. ज्योतिबा जत्रेतल्या पोरासारखा लाल बोंड पुढेमागे करण्यात गुंग होता.

"आता निस्ती गिअरात टाकली की खिळा ठोकल्यावानी उभी ऱ्हाती," येताना तो म्हणाला. "ठोकळा घाल चुलीत."

"अन् मी?"

"तू बस राणीवानी."

तिला बरं वाटलं आणि थोडं लागलंही. नोकरी गेल्याचं दुःख पगार नसला तरी होतं. ठोकळा तिने चुलीत घातला नाही, सीटखालीच राहू दिला.

गाडी खरंच भिंत चढायला लागली. पूर्वी ज्या वळणावर धूर ओकायची, तिथून आता म्हशीसारखी शांत वर जायची. ज्योतिबा एवढा खूश, की चढावर गाणी म्हणायचा. गाण्यापेक्षा जुना धूर बरा होता, असं रत्ना म्हणायची.

भातलावणीच्या दिवसांत दोघं सखूबाईच्या घरापाशी थांबले. तळेघरच्या पुढची वाडी, माणसं सगळी खाचरांत, घरी ती एकटी म्हातारी. गाडी चढाकडे तोंड करून उभी राहिली. मागे सखूबाईच्या घराचं मांडीएवढं उंच दगडी जोतं. ज्योतिबाने सवयीने छोटा दांडा मागे ओढला, मोठा पहिल्या गिअरात टाकला, किल्ली बंद केली.

"ठोकळा लावू का?"

"गुडघा घेऊन बस गुमान."

ती बसली. छोटा दांडा पुरता मागे आलाच नव्हता, मधेच राहिला होता. मागचं चाक चिखलाच्या खाचेत बसलं होतं म्हणून गाडी तेवढा वेळ उभी होती. ज्योतिबाने पोती उतरवून जोत्यावर ठेवली, तसा भार हलका झाला. शेवटचं पोतं त्याने हिसक्याने ओढलं आणि चाक खाचेतून बाहेर आलं.

बाजूच्या आरशात बघताना रत्नाला वाटलं, घर गाडीकडे सरकतंय. मग मागून तो आवाज आला. ती उतरून धावली. गाडीचा मागचा फाळका आणि जोतं यांच्यामध्ये ज्योतिबा कमरेखाली अडकला होता. पोतं अजून हातात होतं.

"वरडू नगं," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा. "गाडीत बस. छोटा दांडा मधी हाय बघ. पुढं रेट."

तिने दोन्ही हातांनी रेटला. जाईना.

"जात न्हाई, आवं!"

"किल्लीला इवलासा झटका दे, दात जुळतील. अन् रेटत ऱ्हा."

झटका दिला. करकर झाली आणि दांडा खट्कन आत गेला.

"आता क्लच नगं, कायबी नगं. किल्ली फिरव अन् धरून ठेव. ह्या गिअरात ती स्टार्टरवर सुदीक चढती. पुढं गेली की बंद कर."

तिने आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवली. हातभर. किल्ली बंद केली, गाडी थांबली, खरंच खिळा ठोकल्यासारखी. सीटखालचा ठोकळा तिने दारातून फेकला आणि ओरडली, "आजी, चाकामागं लावा!" सखूबाईने लावला.

"पास झाली क्लीनर," ज्योतिबा म्हणाला, आणि इतका वेळ जोत्याला टेकून राहिलेला तो घसरत खाली बसला. गाडीने दाबून धरलेलं आतलं सगळं रक्त मोकळं झालं. ॲम्ब्युलन्स वर आली, पण घोडेगावच्या अलीकडेच त्याचा हात तिच्या हातात जड झाला.

दिवसकार्य झाल्यावर गेणभाऊ आले. पाणीसुद्धा घेईनात. "ती छोटी गिअरची पेटी काढून टाकतो, वैनी. गाडी पयल्यासारखी करून देतो. पैशाचं बोलू नका."

रत्नाने विचारलं, "ती मधली जागा बुजवता नसती आली?"

"न्हाई वो. दात एकातनं सुटल्याबिगार दुसऱ्यात जात न्हाईत. मधी थोडं रिकामं असतंच."

दांडा मधी राहिला तर गाडी मोकळी, हे तिने ऐकलं होतं, चहा फुंकत. ऐकून सीटवर बसून राहिली होती. हे ती कुणाला म्हणणार नव्हती.

गेणभाऊंनी गाडी चालू केली. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. रत्ना गुडघ्यावर हात दाबून वर चढली आणि ठोकळा मांडीवर घेऊन बसली.

"तुमी कशाला, वैनी? वारूळवाडी तर हाय. मी आणून सोडतो की गाडी."

"मधी कुटं चढावर थांबावं लागलं तर?" ती म्हणाली. "चला."