कौसाबाईचं पान

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दौलतरावांच्या घरी सर्वपित्रीचा स्वयंपाक चालला होता. त्यांची बायको रखमा वडे तळत होती. खीर झाली होती, भाऊबंद ओटीवर येऊन टेकले होते. अंबरनाथच्या कारखान्यातून रजा काढलेले दौलतराव मोठ्या भक्तिभावाने पानं वाढत होते. एक वडिलांचं, एक आईचं, एक बहीण कौसाबाईचं.

कौसाबाई मेलेली नव्हती.

मूल दगावल्यावर ती बोलेनाशी झाली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलं, आणि १९८० साली या सख्ख्या भावाने तिला वेड्यांच्या इस्पितळात भरती करून जांभूळ गावचा खोटा पत्ता दिला. दोन वर्षांत ती बरी झाली. ‘घेऊन जा’ म्हणून गेलेली पत्रं तशीच परत आली. इकडे गावात सांगितलं, काविळीने गेली. असल्या माणसाला निगरगट्ट म्हणावं, तर निगरगट्टांनी रागवावं!

त्यांची मुलगी मालिनी उल्हासनगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. बऱ्या होऊनही घरच्यांनी न नेलेल्या बायकांवर तिची पीएच.डी. चालू होती. मागच्याच महिन्यात वॉर्डातल्या एका बाईने तिचा हात धरला होता. “तू दौलतदादाची मालू ना गं?”

मालिनीने घरी येऊन जाब विचारला, तेव्हा दौलतराव म्हणाले, “तुझी सुपारी फुटलीय. घरात येडी हाय कळलं तर कोण करील तुला? गप रहा.” रखमाने पदर तोंडाला लावला. तिलाही सगळं ठाऊक होतं.

आज तिन्ही पानं पत्र्यावर ठेवली. आईबापांच्या पानांवर कावळे तुटून पडले. तिसऱ्याकडे एकही फिरकेना.

“दौलत, कौसाची काय तरी इच्छा राहिलीय बघ,” हरिचंद्रकाका हात जोडून म्हणाले.

“घरी यायची राहिलीय, काका,” मालिनी म्हणाली. “आत्या जिवंत आहे. बारा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात आहे.”

कोणाला लाज वाटली? छे! “मग आता पोराकडच्यांना काय सांगायचं?” एवढंच काकांनी विचारलं, आणि मंडळी जेवायला बसली. वडे गार होत होते ना!

मालिनीने चुलीवरचं ऊन अन्न डब्यात भरलं आणि तडक इस्पितळ गाठलं.

कौसाबाईने डबा उघडला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. “आज सर्वपित्री ना? कोणाचं गं पान?”

खोटं बोलणं सोपं होतं; मालिनीने खरं सांगितलं. “तुझं, आत्या. बाबा दरवर्षी वाढतात.”

मोडलेला वडा कौसाबाईच्या हातात तसाच राहिला. मग तिचा चेहरा उजळला.

“म्हणजे दादा आठवण काढतो की!”

बापाची, भाऊबंदांची, मुक्या आईची, आणि या बायकांना आकड्यांत बसवून पदवी मिळवू पाहणाऱ्या स्वतःचीही मालिनीला किळस आली. ती उठली, ऑफिसात गेली आणि आत्याला घेऊन जाण्याच्या कागदांवर सही केली.

साखरपुडा अर्थातच मोडला. तोवर आत्या-भाची शिरगावात एका खोलीत राहायलाही लागल्या होत्या. कौसाबाई रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसते. हेंद्रेपाड्याहून तिथे चालत यायला अर्धा तास लागतो. दौलतराव अजून आलेले नाहीत.