पंधराव्या दिवसाची थंडी

मॉरिस टॅपसेलच्या घरात दोन हवामानं नांदत होती. एक खिडकीबाहेरचं आणि एक संगणकावरचं. बाहेरच्याशी त्याचं कधी पटलं नाही. तिथे नोव्हेंबर ते मार्च एकच कारभार: भुरभुर पाऊस, आठ अंश, आणि तीन दिवस दोरीवर टाकूनही दमट राहणारे मोजे. संगणकावर मात्र रशियाकडून वारे सुटत, इंग्लंडातला अख्खा केंट परगणा जांभळ्या रंगात बुडून जाई, आणि जांभळा म्हणजे गोठवणारी थंडी. मॉरिस राहायला लॅम्बर्डन गावात होता, पण जीव त्याचा त्या जांभळ्यात.

वय चौसष्ट. आयुष्यभर बसची वेळापत्रकं केलेली. जे येणार नाही त्याची वेळ छातीठोकपणे सांगायची सवय त्यामुळे जुनीच.

त्याचं काम असं चाले. मोठमोठे संगणक दिवसातून चार वेळा पुढच्या पंधरा दिवसांचे नकाशे काढत. त्यातले पहिले पाच दिवस बहुधा खरे निघत, मधले पाच अर्धेमुर्धे, आणि शेवटचे पाच रामभरोसे. मॉरिस आणि त्याची मंडळी पहिल्या दहा दिवसांकडे ढुंकूनही बघत नसत. भिस्त सगळी पंधराव्या दिवसावर. तिथे थंडी असायचीच. वाण्याच्या दुकानात ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी असते ना, त्यातला उद्या जसा कधी उजाडत नाही, तसा हा पंधरावा दिवसही कधी उजाडला नव्हता. शिवाय संगणक एकच गणित तीस तऱ्हांनी करून बघत. एकोणतीस वेळा उत्तर येई भुरभुर पाऊस, आणि एकदा येई गुडघाभर बर्फ. मंडळी त्या एकाचीच प्रत काढून एकमेकांना दाखवत.

यात गंमत अशी की तेरा वर्षांपूर्वी एकदा मॉरिसचं खरं ठरलं होतं. बोलाफुलाला गाठ पडली, फूटभर बर्फ झाला, आठवडाभर शाळा बंद. त्या आठवड्यात लोकांनी त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवले. तेव्हापासून माणूस कामातून गेला. त्याने इंटरनेटवर ‘पूर्वेचा वारा’ नावाचं पान काढलं, त्यावर नऊशे माणसं गोळा केली आणि सतरा नियम केले. त्यातला पहिला नियम: इथे फक्त येणाऱ्या हवामानाबद्दल बोलायचं. आत्ताचं हवामान ही किरकोळ बाब. तिच्यासाठी एक वेगळं पान होतं, आणि तिकडे कुत्रंही फिरकत नसे.

त्याची बायको गिलियन हे सगळं तेरा हिवाळे बघत आली होती. तिची धाकटी बहीण फिलिपा कॉर्नवॉलला समुद्रकाठी राहायची. नवरा गेल्यापासून एकटी. तिच्या शेजारचं बैठं घर रिकामं होतं आणि गिलियनला तिथे जाऊन राहायचं होतं. मॉरिस तयार नव्हता. कारण एकच, कॉर्नवॉलला बर्फ पडत नाही.

“आणि इथे पडतो?” ऑक्टोबरात एकदा सफरचंदाची खीर वाढता वाढता गिलियनने विचारलं.

“यंदा पडणार. चिन्हं चांगली आहेत.”

“चिन्हं तेरा वर्षं चांगलीच आहेत रे. ऐक, मॉरिस. फेब्रुवारी संपेपर्यंत मागच्या अंगणात एक इंच बर्फ झाला, तर मी कॉर्नवॉलचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत. आणि नाही झाला, तर हे घर विकायचं आणि निघायचं. कबूल?”

“एकच इंच?” मॉरिस हसला. “अगं, तू हरलीस म्हणून समज.”

गिलियन शब्दाची पक्की. कबूल म्हणजे कबूल.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. नाताळला बारा अंश होते आणि शेजाऱ्यांच्या अंगणात माश्या फिरत होत्या. जानेवारीत दोनदा पंधराव्या दिवशी प्रलय दिसला. पुढे तो चौदावर आला, तेरावर आला, बाराव्या दिवशी विरघळला. मॉरिसला रात्री जेवण जाईना. या घरात त्याची एकतीस वर्षं गेली होती, आणि कॉर्नवॉलचा तो कोमट वारा मनात आला की त्याची झोप उडे. हे मात्र त्याने गिलियनला कधी सांगितलं नाही. तिला तो फक्त नकाशे दाखवायचा.

उजाडला फेब्रुवारीचा तिसरा रविवार. मुदत संपायला तेरा दिवस उरले होते. दुपारचे नकाशे साडेतीनपासून उतरायला लागत, आणि रविवारी ते सगळ्यांनी मिळून बघायचे, गावच्या पबच्या मागच्या खोलीत, असा रिवाज. सगळे म्हणजे तिघं. एक मॉरिस. दुसरा कीथ बगडेन, जन्मभर अंत्यविधीचा धंदा केलेला, त्यामुळे कुठल्याच गोष्टीचा शेवट चांगला होतो यावर त्याचा विश्वास नव्हता. तिसरी शीला ओकेंडन, कुत्र्यांचे केस कापायची. ती मात्र जांभळ्याचा ठिपका दिसला तरी टाळ्या वाजवी. संगणकाच्या पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीचे जाड पडदे ओढून घेतलेले. फोन आवाज बंद करून पावाच्या टोपलीत पालथे. हाही नियमच.

“सातवा दिवस उतरला,” शीला म्हणाली.

“सातव्याला कोण विचारतंय?” मॉरिस म्हणाला. “पुढे चल.”

“पाऊस,” कीथ म्हणाला. “मरेपर्यंत पाऊस. नंतरही पाऊस. मी पुरलेत लोक त्या पावसात, मला विचारा.”

“तू गप रे, कीथ. तुला वाढदिवसाच्या केकवर पण मूठमाती दिसते.”

टोपलीत मॉरिसचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

“तुझा वाटतं,” शीला म्हणाली.

“नवव्या दिवसाला ग्रीनलंडवर हवेचा दाब वाढतोय आणि तू मला फोनचं काय सांगतेस?”

तिसऱ्यांदा थरथरून फोन गप्प झाला. इतक्यात दार उघडून पबचा मालक राल्फ बटाट्याचे तळलेले काप घेऊन आत आला. त्याचे खांदे ओले होते, केसांतून पाणी गळत होतं.

“मंडळी, बाहेर बघितलंत का? अहो, काय तो...”

“श्श! दार लाव आधी, राल्फ! अकरावा उतरतोय!”

राल्फने बशी ठेवली आणि दार लावून घेतलं. हवामानातली एवढी जाणती माणसं, यांना आपण काय सांगणार, असं त्या भल्या माणसाला वाटलं असेल तर त्याचा काय दोष?

तेवढ्यात ‘पूर्वेचा वारा’वर एक नवी ओळ उमटली. नाव होतं ‘बेगोनिया’, सभासद झाल्याला चार मिनिटं झालेली. ‘लॅम्बर्डनमध्ये आत्ता जोरात बर्फ पडतोय.’

“आला एक टवाळ,” मॉरिस म्हणाला आणि ओळ पुसून टाकली. “दर वर्षी एक तरी येतोच.”

मिनिटभरात दुसरी ओळ. ‘मॉरिस, मी थट्टा करत नाहीये. खिडकीबाहेर बघ.’

“कोणीतरी बाई दिसतेय,” शीला म्हणाली. “बघायचं का रे उगीच? पडदा जरा...”

“पडदा उघडलास तर चौदावा दिवस दिसायचा नाही. आणि पहिला नियम काय आहे आपला?” त्याने ताडताड उत्तर लिहिलं: ‘खिडकी हे हवामानशास्त्राचं साधन नव्हे.’ बेगोनियाला सात दिवसांची बंदी घातली. नऊशे जणांत अफवा पसरू नये म्हणून वर एक निवेदनही ठोकलं, स्वतःच्या नावानिशी: ‘आज केंटमध्ये कुठेही बर्फ पडलेला नाही, पडण्याची शक्यताही नाही. टवाळखोरांकडे लक्ष देऊ नये.’

मग पंधरावा दिवस उतरला, आणि तिघंही खुर्चीतून उठली. जांभळा! स्कॉटलंडपासून फ्रान्सपर्यंत नुसता जांभळा! शीलाने टाळ्या वाजवल्या. कीथसुद्धा म्हणाला, “चला, यात निदान माणसं दगावतील.”

मॉरिसचा चेहरा मात्र उतरला. त्याने बोटं मोजली. पंधरावा दिवस दोन मार्चला येत होता. मुदत फेब्रुवारीअखेरची, आणि तोवर तीसच्या तीस नकाशांत नुसता पाऊस. दोन दिवसांनी घात केला होता.

सहाच्या सुमाराला तो बाहेर पडला तेव्हा अंधार झाला होता आणि नेहमीसारखा पाऊस लागला होता. रस्ता ओला. पबच्या कुंपणाशी पांढऱ्या लगद्याचा ढीग पडलेला दिसला. ‘राल्फने माशांच्या पेटीतला बर्फ ओतलाय, आळशी कुठला,’ असं मनाशी म्हणत त्याने तो ओलांडला. डोक्यात एकच विचार होता, गिलियनकडे दोन दिवसांची मुदत कशी मागायची. वाटेत त्याने वाक्यं जुळवून ठेवली.

गिलियन स्वयंपाकघरात बसली होती. गाल लाल, केस ओले, अंगात बागकामाचा कोट तसाच. आणि डोळ्यांत काहीतरी असं, की मॉरिसची जुळवलेली वाक्यं विस्कटली.

“गिल, हे बघ, मला फक्त दोन दिवस...”

“गरज नाही,” ती म्हणाली. “जिंकलास तू.”

“म्हणजे?”

“पडला बर्फ. पावणेचार ते पाच. सव्वा इंच. तीन ठिकाणी पट्टी लावून मोजला, तुझ्यासारखाच. मग पाऊस आला आणि गेला धुऊन.” ती हसली. “तीनदा फोन केला रे तुला. तू उचलेनास म्हणून मग तुझ्या त्या पानावर गेले. तिथेही हाकललंस.”

“बेगोनिया... तू?”

“माझं नाव आधीच कोणीतरी घेतलं होतं. म्हटलं, फुलाचं घालू.”

खरं तर माणसाने इथे बायकोला मिठी मारावी. घर वाचलं, अंगण वाचलं, आणि ही बातमी दिली कोणी, तर हरणारीनेच! ती गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? पण मॉरिसच्या डोळ्यांपुढे ते निवेदन आलं. नऊशे माणसं. शास्त्र. आणि तेरा वर्षांचा आब.

“गिल, ते बर्फ नसणार,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“आज तो पडूच शकत नाही. वारा नैर्ऋत्येचा. वरच्या थरात हवा उबदार. आजपासून महिनाअखेरपर्यंत तीसच्या तीस नकाशांत काही नव्हतं, एकातसुद्धा नाही! गारा असतील. बारीक गारा.”

“मी बासष्ट वर्षांची आहे. मला गारा कळत नाहीत?” तिने फोन पुढे केला. संधिप्रकाशात काढलेला फोटो, हललेला. पांढरं अंगण आणि कोपऱ्यात तिच्या बुटाचं टोक.

हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात. मॉरिसने तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की अंगण जाऊन नुसते ठिपके राहिले.

“बघ, दाणा गोल दिसतोय. गारा.”

गिलियनने फोन परत घेतला. मग बोलली, आणि आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं. “मॉरिस, मी तासभर उभी होते त्यात. आधी रडले. म्हटलं, संपलं, फिलिपाकडे जाणं आता नशिबात नाही. मग वर बघितलं, आणि इतकं सुंदर होतं रे ते. म्हटलं, बरं झालं, माझ्या नवऱ्याला हवं होतं ते मिळालं. तू रस्त्याने धावत येशील म्हणून फाटकाशी जाऊन थांबले.”

मॉरिस खाली बघत होता. तिच्याजवळ जावं असं त्याला वाटलं, पण नकाशे काही बदलत नव्हते.

गिलियनने चष्मा लावला आणि त्याचं निवेदन त्यालाच वाचून दाखवलं, शेवटच्या ‘टवाळखोरां’सकट. “हे खरं की माझं? तू ठरव. तुझा शब्द मी मानते.”

 तिने बहिणीला फोन लावला.

“फिलिपा? मीच. हो, बर्फाबद्दलच... नाही, पडला नाही. मॉरिस म्हणतो, पडलाच नाही, आणि महिनाअखेरपर्यंत पडणारही नाही.” तिकडून बराच वेळ कलकलाट ऐकू आला. “थांब हं, विचारते.” तिने फोन छातीशी धरला. “ती विचारतेय, नक्की ना? मागाहून फिरवाफिरवी नको. सांग, मॉरिस. पडला की नाही?”

ती वाट बघत होती, अगदी मनापासून. एक शब्द पुरला असता. ‘पडला’ एवढं म्हणायचं, की एकतीस वर्षांचं घर, अंगण, येणारे सगळे हिवाळे त्याचे होते. मॉरिसला ते कळत होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“शास्त्रीयदृष्ट्या,” तो म्हणाला, “नाही.”

गिलियनने फोन कानाला लावला. “नक्की,” ती म्हणाली. “मे महिन्यात येतो आम्ही.”